पाणी उंबऱ्याशी, भांडण घरात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरात पंचगंगेकडच्या एका जुन्या पेठेत राहणाऱ्या ४७ वर्षांच्या ताई लिहितात. सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं दुमजली घर आहे. खाली ताई, त्यांचे यजमान, कॉलेजला जाणारा मुलगा आणि सासूबाई राहतात. वर धाकटे दीर, जाऊ आणि त्यांच्या दोन मुली. सासरे गेल्यावर दिरांनी घर विकून पैसे वाटून घेऊ म्हटलं, थोरल्यांनी नकार दिला, आणि आता वाटणीचा दावा कोर्टात आहे. जिना एकच, पण दोन कुटुंबं बोलत नाहीत. एका लग्नात जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, "थोरलीमुळं घर फुटलं." त्यात २०१९ आणि २०२१ ला खालच्या मजल्यात पाणी शिरलं होतं, त्यामुळं जून लागला की पोटात गोळा येतो. रात्री दोन-तीनला उठून त्या मोबाईलवर पाण्याची पातळी बघतात, मग ते लग्नातलं वाक्य आठवतं आणि झोप उडते. पोथी वाचून झाली, ध्यानाचा वर्ग झाला. "सगळे म्हणतात, हातात नाही ते सोडून द्या. मला जमत नाही. मी झोपले आणि पाणी आलं तर? भांडण मिटल्याशिवाय मला शांतता मिळणार नाही असं वाटतं. दुर्लक्ष करायला शिकू, की घर सोडून भाड्यानं राहू?"

ताई,

यजमानांना घर ठेवायचंय, दिरांना विकायचंय, सासूबाईंना दोन्ही लेकरं पुन्हा एका पंगतीला बघायची आहेत, जाऊबाईंना तुमचा राग आहे आणि मुलगा हल्ली मित्रांकडंच जास्त असतो. हे सगळं तुम्ही नीट लिहिलंय. पण तुम्हाला स्वतःला हे घर हवंय की नकोय, ते पत्रात कुठंच नाही. मी मुद्दाम शोधलं. दुसऱ्या पुरानंतर भिंतींची ओल कधी गेलीच नाही, असं एक वाक्य सापडलं, तेवढंच.

म्हणून तुमच्या शांततेच्या प्रश्नाकडं मी थोडा वळसा घेऊन येणार आहे.

हातात नाही ते सोडून द्या, हा सल्ला खोटा नाही. पण तो देणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हातात काय आहे आणि काय नाही, हे आपण आधीच बरोबर ओळखलंय. घरातल्या थोरल्या सुनेच्या बाबतीत हा हिशेब फार वेळा उलटा मांडलेला असतो. दोन भावांनी एकमेकांशी नीट वागावं, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, गौरी-गणपतीला घर भरलेलं दिसावं, पाहुण्यारावळ्यांना काही कळू नये, यातलं काहीही तिच्या हातात नसतं, तरी ते तिच्यावर टाकलेलं असतं. आणि घर ठेवायचं का, तडजोडीला बसायचं का, पूर आला तर कुणी कधी बाहेर पडायचं, यात तिचा शब्द असायला हवा, तर तिथं "ते बघून घेतील" म्हणून तिला बाजूला बसवलेलं असतं. बसवणाऱ्यांत कधी कधी ती स्वतःही असते. अशा बाईला "सोडून दे" म्हटलं तर ती काय सोडणार? जे धरायचा तिचा हक्क आहे ते तिच्या हाती कधी आलेलंच नाही, आणि जे धरून ठेवता येत नाही त्यासाठी ती रात्र रात्र जागतेय. तुम्हाला सोडून देणं जमत नाही, यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा मला अजिबात दिसत नाही.

आधी पाण्याचं बोलू, कारण पाऊस कोर्टाच्या तारखेसाठी थांबणार नाही.

"मी झोपले आणि पाणी आलं तर?" या प्रश्नामागं दोन पुरांचा अनुभव आहे. भिजलेलं धान्य, फुगलेली कपाटं, घरभर बसलेला तो काळा गाळ आणि त्याचा वास, हे ज्यांनी काढलंय त्यांना "उगाच काळजी करू नका" म्हणणं हा अपमान आहे. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक समजूत लपलेली आहे: मी जागी आहे तोवर घर सुरक्षित आहे. काळजी हीच तुमची राखण झाली आहे. त्यामुळं काळजी कमी करा असं कुणी म्हटलं की तुम्हाला ते घर वाऱ्यावर सोड म्हटल्यासारखं वाटतं. ध्यानाच्या वर्गात डोळे मिटून बसलात तेव्हा आतून कुणीतरी सारखं उठवत होतं, असं तुम्ही लिहिलंय. ते कोण होतं, ते आता लक्षात येईल. पहारेकऱ्याला बदली माणूस दिल्याशिवाय तो झोपत नाही.

मग बदली द्यायची कशी? कोल्हापूरकरांना हे शिकवायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२४ च्या जुलैतही धोका पातळी ओलांडली. हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नदीकाठच्या प्रत्येक गल्लीला स्वतःचा आकडा पाठ असतो. सुतारवाड्याचा वेगळा, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीचा वेगळा, आंबेवाडी-चिखलीचा वेगळा. चिखलीची माणसं पाणी दारात यायची वाट बघत नाहीत, जनावरं घेऊन आधीच उंचावरच्या सोनतळीकडं निघतात. त्यांनाही घर सोडताना तुटतं. पण कधी निघायचं, हे त्या रात्रीच्या भीतीवर सोडलेलं नसतं, आधी ठरलेलं असतं.

तुमच्या घराचा आकडा काय? दोन पूर बघितलेत, शेजाऱ्यांनाही आठवत असेल. समजा ४७ फुटांना गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं. मग एका कोरड्या दिवशी, आत्ता, कागदावर लिहा. ३९ च्या खाली असेल तर पातळी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायची, रात्री नाही. ३९ झाले की मिळकत पत्रिका, आधार, बँकेची आणि विम्याची कागदपत्रं, सासूबाईंच्या महिनाभराच्या गोळ्या, हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ ठेवायचं, गाडीत तेल भरून घ्यायचं. ४३ झाले की फ्रिज, धान्य, मुलाची पुस्तकं, पाण्याची मोटर वर, गाडी उंचावरच्या नातेवाइकाकडं. आणि तुमच्या आकड्याच्या दोन फूट आधी सासूबाईंना घेऊन बाहेर पडायचं, मेन स्विच बंद करायचा, सिलिंडर बंद करून बांधून ठेवायचा. निघण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पुढं पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात. कुणाच्या घरी जायचं ते आत्ताच विचारून ठेवा. नातेवाइकाला जूनमध्ये विचारलं तर तो आनंदानं हो म्हणतो, ऐन पुरात त्याच्याकडं आधीच दोन कुटुंबं आलेली असतात.

रात्रीचं काय? पातळी ३९ च्या वर गेली असेल तर घरात पाळी लावा. यजमान, मुलगा आणि तुम्ही. ज्याची पाळी त्यानं बघायचं, बाकीच्यांनी झोपायचं. कॉलेजला जाणारा मुलगा दोन वाजता गजर लावून उठू शकतो, त्यात त्याचं काही बिघडत नाही. उलट घरातल्या कुठल्याच गोष्टीत आपल्याला विचारत नाहीत म्हणून तो बाहेर राहत असेल, तर हे काम त्याला बरंच वाटेल. जागरण तुमच्या एकटीच्या वाट्याला आलं ते कुणी ठरवलं नव्हतं. म्हणूनच ते बदलता येतं.

मोबाईलबद्दल एवढंच सांगते. पातळी प्रशासनाच्या माहितीतून बघा, अडचणीला जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर धरण फुटल्याच्या अफवा येतात, जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतात. राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला म्हणजे कुणीतरी अचानक पाणी सोडलं असं नसतं. ते स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी येतं. पाऊस ओसरला की ते मिटतातही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचं काय व्हायचं ते दोन राज्यं आणि न्यायालयं बघतील. त्यावर रात्री दोन वाजता तुम्ही वाचलेल्या शंभर प्रतिक्रियांनी नदी एक इंचही उतरत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता भांडण. "ते मिटल्याशिवाय मला शांतता नाही" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं. वाटणीचा दावा म्हणजे एक निकाल लागला आणि संपलं, असं नसतं. आधी कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग प्रत्यक्ष वाटणीचा अंतिम हुकूमनामा, आणि वाटेत अपिलं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतंय. कित्येक वर्षं वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी आंदोलनं केली, आणि गरीब पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला ही फार मोठी गोष्ट झाली. पण तुमचा दावा खालच्या कोर्टात आहे, त्याचा वेग त्यानं वाढणार नाही. तुमची झोप त्या निकालाला बांधून ठेवली तर पुढच्या किती वर्षांच्या रात्री तुम्ही कोर्टाच्या हवाली करताय, याचा विचार करा. आणि निकाल लागला तरी एक भाऊ नाराजच राहणार. कोर्ट घर वाटून देईल, जिन्यातलं मौन वाटून देणार नाही.

म्हणून दावा चालू असतानाच जगता येईल अशी सोय करावी लागेल. नदीच्या पातळ्या ठरवल्या तशाच इथंही आधी ठरवून ठेवता येतं. कोणत्या गोष्टीवर काहीच करायचं नाही, कोणत्या गोष्टीवर बोलायचं, आणि काय झालं तर थेट वकिलाकडं किंवा पोलिसांकडं जायचं. वरून कचरा पडला, जिन्यातला दिवा रात्रभर राहिला, जाऊबाई समोरून मान फिरवून गेल्या: काहीच करायचं नाही, आणि संध्याकाळी यजमानांना सांगायचंही नाही. पाण्याच्या मोटरचं बिल, जिन्याची दुरुस्ती, सासूबाईंचा दवाखाना, हे दोन्ही घरांचं आहे, ते एका ओळीच्या निरोपानं मुलांमार्फत नव्हे तर मोठ्यांनी मोठ्यांना कळवायचं. कुणी कुलूप बदललं, अंगावर आलं, धमकी दिली, तर त्याच दिवशी लेखी तक्रार. घरातल्या अनेक भांडणांत माणूस पहिल्या प्रकारच्या गोष्टींवर इतका दमतो की तिसऱ्या प्रकारची वेळ आली तेव्हा त्याच्यात त्राण उरत नाही.

तुम्ही विचारलंत, दुर्लक्ष करायला शिकू का. दिसत नसल्यासारखं करणं, असं म्हणत असाल तर नको. ते तुम्ही गेली दोन-तीन वर्षं करताय, आणि दिवसभर न बघितलेलं सगळं रात्री दोन वाजता समोर उभं राहतंय. दिसलं, कळलं, आणि यावर मी काही करणार नाही असं मी आधीच ठरवलंय, हे वेगळं. त्यात मन आखडत नाही.

कोर्टाच्या विषयालाही घरात जागा आणि वेळ द्या. तारखेच्या आदल्या संध्याकाळी आणि तारखेहून आल्यावर, यजमान आणि तुम्ही, अर्धा तास. जेवताना नाही, सासूबाईंसमोर नाही, झोपताना तर नाहीच. सुरुवातीला जमणार नाही, तोंडातून निघेल. निघालं की एकमेकांना आठवण करून द्यायची, भांडायचं नाही.

त्या अर्ध्या तासात एक दिवस यजमानांना सांगा की या घराबद्दल तुम्हाला काय वाटतं. तुम्हाला ते ठेवायचं असेल, तर का. विकायचं असेल, तर तेही धीर करून सांगा. यजमानांच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे त्यांच्या मताशी सहमत असणं नव्हे. भिंतींची ओल गेली नाही म्हणताना तुम्ही काहीतरी सांगत होता, असं मला वाटलं. कदाचित मी जास्त वाचत असेन. पण ते सांगून झाल्याशिवाय तुमच्या जिवाची तगमग थांबेल असं मला वाटत नाही.

आणि ते बोलताना अंदाजावर नको, माहितीवर बोला. तुमच्या पत्रावरून वाटतं की घराच्या किमतीबद्दल दोन्ही भावांच्या मनात आपापले आकडे आहेत. घर पूररेषेत कुठं येतं, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. बिल्डर काय देईल ते यावर ठरतं. मग सरकारमान्य मूल्यमापकाकडून किंमत काढून घ्या. दीर ज्या रकमेच्या आशेवर आहेत आणि यजमान ज्या वाड्याच्या अभिमानावर आहेत, त्या दोन्हींतलं थोडं थोडं त्या कागदानं कमी होईल. त्रास होईल, पण भांडण खऱ्या गोष्टीवर येईल.

आणखी एक. सासूबाईंबद्दल तुम्ही "त्या नुसत्या रडतात" असं लिहिलंय. घर सासऱ्यांचं स्वकष्टार्जित असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नीला आणि सर्व मुला-मुलींना सारखा हिस्सा मिळतो. तुम्हाला नणंद नाही, म्हणजे तीन हिस्से, आणि त्यातला एक त्या माउलीचा. ज्या बाईच्या नावावर तिसरा हिस्सा आहे तिला या सगळ्यात तुझं काय म्हणणं आहे असं कुणी विचारलंय का? त्यांना आपल्या बाजूनं ओढण्यासाठी हे करू नका, दोन्ही मुलांनी मिळून विचारायला हवं. पण त्यांचं रडणं थांबवायची जबाबदारी घेण्यापेक्षा त्यांना विचारलं जाईल एवढं बघणं तुम्हाला जमेल. नवरा गेला आणि पोरं कोर्टात उभी राहिली, हे दुःख तुमच्या समजुतीच्या चार शब्दांनी जाणारं नाही. त्यांच्याजवळ बसा, डोकं चेपून द्या, पण ते दुःख संपवणं तुमच्याकडून होणार नाही आणि ते तुमचं अपयशही नाही.

"विकायचं की ठेवायचं" याच्या पलीकडंही वाटा आहेत. घराचे नीट भाग पडत नसतील तर १८९३ च्या विभाजन कायद्यात कोर्टाला विक्रीचा आदेश देता येतो, आणि ज्याला घर ठेवायचंय त्यानं दुसऱ्याचा हिस्सा ठरलेल्या किमतीला घ्यायची तरतूदही आहे. यजमान दिरांचा हिस्सा कर्ज काढून घेऊ शकतील का, हप्ता किती बसेल, दर काही वर्षांनी पाण्यात जाणाऱ्या घरासाठी तो भरणं शहाणपणाचं आहे का, हे बसून मांडा. मध्यस्थीचा मार्ग तर दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर खुला असतो. वकिलामार्फत कोर्टाला विनंती करता येते. मध्यस्थाच्या खोलीत बोललेलं पुढं कोर्टात कुणाविरुद्ध वापरता येत नाही, त्यामुळं माणसं तिथं जरा मोकळी होतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्यापूर्वी शब्द न् शब्द वाचायला हवा. तुम्हाला स्वतःसाठी कायद्याचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना तिथं मोफत मदत मिळते, नवऱ्याची कमाई कितीही असो.

भाड्यानं राहायला जाणं मी चूक म्हणणार नाही. काही घरांत तेच योग्य असतं, विशेषतः हात उचलला जात असेल किंवा मुलं घाबरून राहत असतील तर. तुमच्याकडं तसं दिसत नाही. भाडं, सासूबाईंचं पेठेतलं सगळं आयुष्य, शेजार, देवळाची वाट, याचा विचार करावा लागेल, आणि दावा चालू असताना ताबा सोडण्यापूर्वी वकिलांना विचारावंच लागेल. एक मधला पर्याय सुचवते. जुलै आणि ऑगस्ट दोन महिने सासूबाईंसह उंचावरच्या भागात एखादी खोली घ्या, सामान इथंच राहू द्या. भीती पाण्याची किती आणि माणसांची किती, हे तुमचं तुम्हाला कळेल.

जाऊबाईंच्या त्या वाक्याबद्दल. ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. चारचौघांत बोललं गेलं, तुमची बाजू तिथं कुणी घेतली नाही, यजमानांनीही नाही. त्यांनी घेतली नाही याचा राग तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलाय, मला तो मोठा वाटतो, आणि तो जाऊबाईंवर नाही. तो यजमानांशीच बोला. माफ करून टाका, असं मी म्हणणार नाही. माफी आतून आली तर येते, ठरवून आणली की ती नुसती गिळलेली असते. जाऊबाईंशी बोलावंसं वाटलं तर एकदाच, एकट्यात, लहान बोला: "लग्नात तू जे बोललीस ते मला लागलं. घराचं जे व्हायचं ते होईल, पण माझ्याबद्दल पुन्हा असं लोकांत बोलू नकोस." एवढं बोलून थांबा. ती रडेल, चिडेल, दार लावून घेईल, त्यावर तुमचा ताबा नाही. बोलण्याचा हेतू तिला बदलणं हा नको, तुमचं म्हणणं रात्री भिंतीला न सांगता ज्या माणसाला सांगायचं त्याला सांगणं, एवढाच असू दे.

आणि एका गोष्टीपुरतं दोन्ही घरांनी बोलायला हवं: पूर. वर राहणाऱ्यांच्या घरात पाणी शिरत नाही, पण जिना बुडाला की तेही अडकतात. वीज जाते, पिण्याचं पाणी बंद होतं. २०१९ ला शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता आणि महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता, तेव्हा तालमी-मंडळांची पोरं अनोळखी माणसांना जेवण पोचवत होती. सासूबाईंना कोण उचलणार, मोटर कोण काढणार, गाड्या कुठं लावायच्या, हे एका कागदावर लिहून दोन्ही भावांनी सह्या करायची गरज नाही, नुसतं हो म्हणावं. दिरांना निरोप तुमच्या मुलानं न देता यजमानांनी द्यावा, आणि त्यात दाव्याचा एक शब्दही नसावा. यातून समेट होईल अशी आशा धरू नका. झाला तर चांगलंच. पाण्यापुरतं बोलणं पाण्यापुरतंच राहिलं तरी त्याचं काम झालं. तुमच्या मुलानं आणि त्याच्या चुलत बहिणींनी रंकाळ्यावर एकत्र फिरायला जाणं मात्र कुठल्याच अटीवर ठेवू नका. त्यांचा दावा नाही.

तुम्ही अंबाबाईला जाता, पोथी वाचता, ते चालू ठेवा. फक्त त्यावर परीक्षा घालू नका. आज मन लागलं का, आज शांत वाटलं का, हे दर वेळी तपासत बसलात तर देवळातही तुम्ही पातळीच मोजत राहाल. मन अस्वस्थ असताना हात जोडले तरी ते जोडलेलेच असतात.

शेवटचं, आणि हे टाळू नका. तुम्ही ४७ च्या आहात. रात्री दोन-तीनला दचकून जाग येणं, धडधड, घाम, चिडचिड, हे सगळं काळजीनंच होतं असं नाही. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत हे फार बायकांना होतं. थायरॉइडनं होतं, रक्त कमी असलं तरी होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, साध्या तपासण्या करून घ्या. शरीरातलं कारण असेल तर कितीही पोथ्या वाचल्या तरी झोप येणार नाही आणि दोष तुम्ही मनाला देत राहाल. तपासण्या चांगल्या आल्या आणि तरीही झोप येत नाही, जेवण जात नाही, कशातच जीव लागत नाही असं आठवडे चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं जायला लाजू नका. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि घरातून बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटेल असा विचार मनात आला तर त्याच दिवशी फोन करा.

हे पत्र छापायचं ठरवलं ते तुमच्यासारख्या अनेक घरांसाठी. कुणाकडं वाद शेतातल्या विहिरीचा असेल, कुणाकडं आजारी आईवडिलांना कुणी सांभाळायचं त्याचा, कुणाच्या दाराशी नदी नसेल पण नोकरी जायची भीती असेल. त्यांनीही आधी एवढं करून बघावं. ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत म्हणून सोडल्या, त्यांतली एखादी खरं तर आपली होती का. आणि जी आपली म्हणून वाहतोय, ती आपल्याला कुणी दिली. हे एकट्यानं मनात करू नये, कागदावर करावं, आणि ज्याच्याशी घर चालवतो त्याला दाखवावं.

ताई, तुमच्यासाठी या आठवड्यातलं पहिलं काम ठरवूनच देते. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांना येतं ते शेजारच्या जाणत्या माणसाला विचारा, तो आकडा आणि निघायची वेळ कागदावर लिहा, आणि रविवारी यजमान आणि मुलाला समोर बसवून वाचून दाखवा. रात्रीच्या पाळ्या तेव्हाच लावून घ्या. घराबद्दलचं तुमचं मत त्याच दिवशी सांगायला हवं असं नाही, पण पुढच्या तारखेच्या आधी सांगा.